अंबरनाथचा मतदार

अंबरनाथच्या रेल्वे स्थानकावर पहाटे कांहीं वेळ उभें राहिलें, तर त्या शहराचें निम्मेंअधिक चरित्र तेथेंच वाचावयास मिळतें. गाडी फलाटास लागण्यापूर्वींच प्रवाशांचे घोळके ठराविक जागीं उभे असतात. कोणत्या डब्याचें दार कोणत्या खांबापाशीं थांबणार, कोणत्या बाकावर कोणती मंडळी बसणार, कल्याणला कोण उतरणार आणि थेट मुंबईपर्यंत कोण जाणार, हें सर्व नित्याच्या प्रवाशास तोंडपाठ असतें. तेथून मुंबईचें शेवटचें स्थानक सुमारें ६० किलोमीटर दूर आहे. दिवसाचे तीन तास जाण्यायेण्यांत घालविणारा हा गृहस्थ वेळेच्या बाबतींत मोठा काटेकोर; पण ‘आपलें मतदान केंद्र कोणत्या शाळेंत आहे?’ असें त्यास विचारलें, तर तो क्षणभर घुटमळतो.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह उलट दिशेनें चाललेला असतो. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे पहिल्या पाळीचे कामगार निघालेले असतात. त्यांतील कांहीं अंबरनाथचेच रहिवासी, कांहीं बदलापूर, वांगणी, नेरळ या बाजूचे, तर कांहीं उल्हासनगर-कल्याणकडून आलेले. शहरांत राहणारे बाहेर जातात आणि बाहेर राहणारे शहरांत येतात. सूर्य वर येईतों अर्धें गांव बदललेलें असतें. अशा गांवाचा मतदार म्हणावयाचें तरी कोणास?

कायद्याचें उत्तर साधें आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणें मनुष्य जेथें सामान्यतः राहतो, त्या मतदारसंघाच्या यादींत त्याचें नांव लागतें. एखाद्या ठिकाणीं घर मालकीचें असणें एवढ्यानेंच तेथील मताचा हक्क मिळत नाहीं; आणि एकापेक्षां अधिक मतदारसंघांत एकाच वेळीं नांव ठेवतां येत नाहीं. थोडक्यांत, दिवस कोठेंही जावो, रात्रीचा मुक्काम जेथें, तेथें मत. उपनगरांतील सारें मतदान या एका नियमावर उभें आहे, आणि तेथील मतदानाच्या दुबळेपणाचें मूळही याच नियमाच्या विस्मरणांत आहे.

अंबरनाथ हें नांव फार जुनें. वालधुनीच्या कांठीं असलेल्या तेथील शिवमंदिरांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहार राजांच्या काळचें तें काळ्या पाषाणाचें देऊळ आजही भाविकांस व अभ्यासकांस सारखेंच ओढून घेतें. परंतु आजच्या वस्तीची कथा देवळापासून सुरू होत नाहीं. ती रुळांपासून सुरू होते. १८५३ मध्यें मुंबई ते ठाणें ही पहिली आगगाडी धांवली, पुढल्या वर्षीं रेल्वे कल्याणला पोहोंचली, आणि १८५६ मध्यें ती अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूनें खोपोलीच्या दिशेनें पुढें सरकली. भातशेतीच्या गांवांना मुंबईचें दार उघडलें.

रुळांमागून कारखाने आले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या ‘विम्को’चा, आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला निघाला. पुढें सरकारचा आयुधनिर्माणी कारखाना आला. त्यास गांवांत सर्वजण ‘ऑर्डनन्स’ म्हणूनच ओळखतात. १९५३ मध्यें यंत्रें व हत्यारें घडविणारा आणखी एक सरकारी कारखाना त्याच्या जोडीस उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढील काळांत मोरिवली, चिखलोली हीं एके काळचीं गांवाचीं नांवें औद्योगिक वसाहतींचीं नांवें होऊन बसलीं. घाटावरून, कोंकणांतून, आणि पुढें देशाच्या दक्षिण-उत्तर भागांतून माणसें पोटासाठीं येथें आलीं. प्रत्येकाच्या मनांत मूळ गांव निराळें. रात्रीचा मुक्काम मात्र एक.

या वस्तीच्या इतिहासांतील सर्वांत मोठी घटना मात्र कारखान्याची नसून निर्वासितांची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणच्या बाहेर माळरानावर लष्करी छावणी उभारली गेली होती. १९४७ मध्यें फाळणी झाली आणि सिंध प्रांतांतून घरदार सोडून आलेल्या लोकांस या रिकाम्या बराकींत आणून ठेवण्यांत आलें. जवळजवळ एक लाख माणसें त्या छावणींत दाटीनें राहूं लागलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीचा ठसा मात्र पुसला गेला नाहीं. अद्यापही तेथील मनुष्य आपला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पांच’ असाच सांगतो.

या लोकांना मत कसें मिळालें, ही हकीकत प्रत्येक सुशिक्षित घरांत माहीत असावयास पाहिजे. १९३५ च्या कायद्याखालीं १९३७ मध्यें ज्या निवडणुका झाल्या, त्यांत ब्रिटिश हिंदुस्थानांतील सुमारें साडेतीन कोटी लोकांसच मताधिकार होता. दर सात माणसांत एक, असें तें प्रमाण. मत हें मालमत्तेवर, कर भरण्यावर किंवा शिक्षणावर अवलंबून होतें. मुंबई इलाख्यांत मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होणें हा मताचा एक आधार होता. आतां त्या काळच्या मोजमापानें छावणींतल्या माणसाकडे पाहावें. त्याचें घर मागें राहिलें, दुकान मागें राहिलें, कराच्या पावत्या आणि परीक्षेचे दाखलेही बहुधा मागेंच राहिले. जुना कायदा तसाच चालू राहिला असता, तर या माणसास कोणत्याही यादींत जागा मिळाली नसती.

घटना समितीनें प्रौढ मताधिकाराचें तत्त्व स्वीकारलें आणि १९४८ मध्यें, घटना पुरी होण्याच्या आधींच, मतदारांच्या कच्च्या याद्या तयार करण्याचें प्रचंड काम देशभर सुरू झालें. यादींत नांव लागण्यास ठराविक मुदतीचें वास्तव्य हवें, अशी अट होती. निर्वासित ती कोठून पुरी करणार? तेव्हां समितीच्या सचिवालयानें असें ठरविलें कीं, या गांवीं कायमचें राहण्याचा आपला विचार आहे, एवढें प्रतिज्ञापूर्वक सांगणाऱ्या निर्वासिताचें नांव यादींत घ्यावें. घटनेच्या सहाव्या कलमानेंही हीच उदार दृष्टि ठेवली. १९ जुलै १९४८ पूर्वीं जे आले व येथें राहिले, ते नागरिक मानले गेले; त्यानंतर आलेल्यांस नोंदणीचा मार्ग खुला ठेवण्यांत आला. अशा रीतीनें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, डोक्यावरचें छप्पर पक्कें होण्यापूर्वींच या लोकांचें यादींतलें स्थान पक्कें झालें. ‘येथें राहावयाचें आहे’ हा एक निश्चय, एवढेंच त्या मताचें भांडवल होतें.

आज त्याच परिसरांत पक्क्या इमारतींची दाटी झाली आहे. वस्ती कशी वाढली हें जनगणनेच्या आंकड्यांवरून दिसतें. अंबरनाथ शहरांत १९९१ मध्यें सुमारें सव्वा लाख लोक होते. २००१ मध्यें ते २,०३,७९५ झाले आणि २०११ मध्यें २,५३,४७५. शेजारच्या कुळगांव-बदलापूरची वाढ याहूनही विस्मयकारक आहे. १९९१ मध्यें बावन्न हजारांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्यें ९७,९४८ वर गेली आणि २०११ मध्यें पावणेदोन लाखांच्या घरांत पोहोंचली. वीस वर्षांत तिपटीहून अधिक. उल्हासनगर तर २०११ मध्यें पांच लाखांच्या पलीकडे गेलें. मुंबईंत घराचे भाव मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर जाऊं लागले, तसतसा हा वर्ग रुळांच्या कडेकडेनें ठाण्याकडून डोंबिवली, कल्याण आणि तेथून अंबरनाथ-बदलापूरकडे सरकत गेला. घर स्वस्त मिळालें. त्याची उरलेली किंमत तो रोज प्रवासांत भरीत असतो.

वस्ती वाढली, तशा तिच्या शासनाच्या सीमाही बदलत राहिल्या. १९८३ मध्यें कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हां डोंबिवलीबरोबर अंबरनाथ व बदलापूर हींही तींत घालण्यांत आलीं. १९९२ मध्यें हीं दोन्ही शहरें तींतून बाहेर पडलीं आणि त्यांच्या नगरपालिका निराळ्या झाल्या. उल्हासनगरची महानगरपालिका १९९६ मध्यें झाली. रहिवाशानें घर बदललें नाहीं, तरी त्याचा कारभारी असा दोनदां बदलला.

विधानसभेच्या सीमांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगानें २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांची फेररचना केली आणि ती २००८ मध्यें अंमलांत आली. राज्यांतील एकूण २८८ जागा कायम राहिल्या. परंतु त्यांची जिल्ह्याजिल्ह्यांतील वांटणी लोकसंख्येप्रमाणें बदलली. त्या वेळच्या अखंड ठाणें जिल्ह्याच्या १३ जागा होत्या, त्या २४ झाल्या. २०१४ मध्यें पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हां त्यांतील ६ जागा तिकडे गेल्या व ठाण्यास १८ उरल्या. जी माणसें वर्षानुवर्षें या रुळांच्या कडेला येऊन राहिलीं होतीं, त्यांचें वजन अशा रीतीनें राज्याच्या तराजूंत प्रथमच पडलें.

या फेररचनेंत अंबरनाथचा मतदारसंघ अंबरनाथ शहर, आसपासचीं गांवें आणि उल्हासनगरचा कांहीं भाग मिळून झाला. त्याचा क्रमांक १४०. लोकसभेसाठीं तो उल्हासनगर, डोंबिवली, कल्याण पूर्व, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा यांजबरोबर नव्या कल्याण मतदारसंघांत गेला. बदलापूर मात्र मुरबाडच्या विधानसभा मतदारसंघांत घालण्यांत आलें, आणि मुरबाड लोकसभेसाठीं भिवंडींत मोडतें. म्हणजे अंबरनाथ व बदलापूर हीं लगतचीं स्थानकें. दोन्ही गांवचे लोक एकाच गाडींत, पुष्कळदां एकाच बाकावर बसून जातात. पण त्यांचा आमदारही निराळा आणि खासदारही निराळा. गाडी उशिरां आली तर दोघांचाही खाडा सारखाच होतो, तक्रार मात्र दोन दारीं जाते.

अंबरनाथची जागा या फेररचनेपासून अनुसूचित जातींसाठीं राखीव झाली. याविषयीं पुष्कळ सुशिक्षित लोकांचाही एक गैरसमज असतो, तो दूर केला पाहिजे. राखीव मतदारसंघांत उमेदवार अनुसूचित जातीचा असावा लागतो; मतदार मात्र सर्व जातींचे, सर्व धर्मांचे असतात आणि प्रत्येकाच्या मताचें मोल सारखेंच असतें. राज्यांत अनुसूचित जातींसाठीं अशा २९ जागा आहेत. ज्या भागांत त्या जातींच्या वस्तीचें प्रमाण तुलनेनें अधिक, अशा भागांतून, पण राज्याच्या निरनिराळ्या बाजूंस विखरून, त्या ठरविल्या जातात. तेव्हां ‘ही जागा आपली नव्हे’ असें म्हणून घरीं बसणाऱ्या गृहस्थानें कायदाही ओळखलेला नसतो आणि शेजारही ओळखलेला नसतो.

आतां मतदानाचा इतिहास. १९९० पासून पाहिलें, तर अंबरनाथच्या जुन्या मतदारसंघांतून साबीर शेख हे शिवसेनेचे उमेदवार १९९०, १९९५ व १९९९ असे लागोपाठ तीन वेळां निवडून आले. शिवचरित्रावरील व्याख्यानांसाठीं प्रसिद्ध असलेला हा मुसलमान कार्यकर्ता १९९५ च्या मंत्रिमंडळांत कामगारमंत्री होता. कामगारवस्तीच्या मतदारसंघास तें साजेसेंच होतें. २००४ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेसचे किसन कथोरे तेथून निवडून आले. जागा राखीव झाल्यावर २००९ पासून ते मुरबाडमधून विधानसभेवर जाऊं लागले. नव्या अंबरनाथ मतदारसंघांतून २००९ मध्यें शिवसेनेचे डॉ. बालाजी किणीकर विजयी झाले आणि २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही निवडणुकांतही त्यांनींच जागा राखली.

परंतु एकच नांव चार वेळां निवडून आलें, यावरून मतदार एकाच जागीं उभा होता असें समजूं नये. २०१४ मध्यें शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युति तुटली आणि दोघेही समोरासमोर उभे राहिले. तेव्हां किणीकर आणि भाजपचे राजेश वानखेडे यांच्यांत केवळ सुमारें २,००० मतांचें अंतर पडलें. २०२२ मध्यें शिवसेनाच दुभंगली. २०२४ मध्यें हेच दोन उमेदवार पुनः समोरासमोर आले; किणीकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून, वानखेडे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून. या वेळीं अंतर पन्नास हजारांवर गेलें. तीच दोन माणसें, तीच जागा. पक्षांची मांडणी बदलली आणि दोन हजारांचे पन्नास हजार झाले.

शेजारच्या उल्हासनगर मतदारसंघांतही असाच अनुभव आला. २०१४ मध्यें तेथील निकाल दोन हजारांच्या आसपासच्या फरकानें एका बाजूस गेला. २०१९ मध्यें तेवढ्याच अल्प फरकानें दुसऱ्या बाजूस गेला. ‘माझ्या एका मतानें काय होणार?’ असा प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. त्याचें उत्तर रेल्वेच्या हिशेबानें देतां येईल. गर्दीच्या वेळीं बारा डब्यांच्या एका गाडींतून चार हजारांहून अधिक माणसें प्रवास करतात. म्हणजे २०१४ मध्यें अंबरनाथचा प्रतिनिधि कोण, हें ठरविणारी माणसें सकाळच्या एका गाडीच्या अर्ध्या डब्यांत मावलीं असतीं.

आणि मतदानास न गेलेलीं माणसें किती? त्यांस गाड्या पुरल्या नसत्या. कल्याण लोकसभा मतदारसंघांत २००९ मध्यें शेंकडा ३४ च्या आसपास मतदान झालें. तीन मतदारांपैकीं दोन घरीं राहिले. २०१४ मध्यें तें ४३ वर आलें, २०१९ मध्यें ४५ वर, आणि २०२४ मध्यें शेंकडा ५० वर. चढती कमान समाधानाची आहे, हें मान्य केलें पाहिजे; परंतु २०१९ व २०२४ या दोन्ही वेळीं सबंध महाराष्ट्राचा आंकडा ६१ होता. विधानसभेच्या निवडणुकींत अंबरनाथचा आंकडा २०१४ व २०१९ मध्यें चाळिशीच्या आसपास घुटमळला आणि २०२४ मध्यें, राज्यानें शेंकडा ६६ गांठले असतां, अंबरनाथ निम्म्याच्या आंतच राहिलें.

याचा दोष सरसकट आळसावर टाकणें अन्यायाचें होईल. कारणें तीन-चार आहेत आणि तीं निरनिराळीं तपासलीं पाहिजेत. पहिलें कारण यादीचें. उपनगरांतील कुटुंब घरें बदलीत असतें. भाड्याची खोली, मग छोटें घर, मग स्थानकापासून थोडें दूर पण प्रशस्त घर, असा त्याचा संसार पुढें जातो. प्रत्येक वेळीं गॅसची नोंद, शिधापत्रिका, मुलांची शाळा हीं सर्व नव्या पत्त्यावर जातात. मतदारयादींतलें नांव मात्र जुन्या चाळींतच राहतें. अशीं मागें राहिलेलीं नांवें आणि मृतांचीं न काढलेलीं नांवें यांमुळें यादी फुगते आणि मतदानाचें प्रमाण आहे त्याहूनही कमी दिसतें. म्हणून उपनगराचा आंकडा वाचतांना थोडें तारतम्य ठेवावें लागतें.

दुसरें कारण मूळ गांवाचें. अनेकांनीं आपलें नांव गांवच्या यादींतून काढलेलें नसतें. गांवीं भाऊबंद आहेत, वडिलांचें घर आहे, मान आहे. तेथील ग्रामपंचायतीची निवडणूक जिव्हाळ्याची वाटते. भावना समजण्यासारखी आहे. पण वर्षांतून दहा दिवस जेथें जावयाचें, तेथील रस्त्यासाठीं मत द्यावयाचें, आणि उरलेले साडेतीनशें दिवस जेथें पाण्याची वाट पाहावयाची, तेथें मुकें राहावयाचें, हा हिशेब कोणत्याही शहाण्या गृहिणीस पटणार नाहीं. कायद्यासही तो मान्य नाहीं.

तिसरें कारण सुटीचें. मतदानाच्या दिवशीं पगारी सुटी देण्याचें बंधन मालकांवर कायद्यानें घातलेलें आहे. रोज तीन तास उभ्यानें प्रवास करणाऱ्यास ती सुटी म्हणजे झोंपेची परतफेड वाटते, आणि मतदान सोमवारीं असलें तर शनिवार-रविवार जोडून मंडळी गांवीं निघून जातात. कल्याणचें लोकसभेचें मतदान २०१९ व २०२४ मध्यें सोमवारींच झालें होतें. शहरी मतदाराची ही संवय ध्यानांत घेऊनच २०२४ ची विधानसभेची निवडणूक आयोगानें मुद्दाम बुधवारीं, २० नोव्हेंबरला ठेवली. औषध लहान होतें, तरी रोगाचें निदान अचूक होतें.

चौथें कारण मनाचें आहे आणि तेंच सर्वांत खोल. दिवस मुंबईंत जात असल्यामुळें मनुष्य स्वतःस मुंबईकर समजतो. तेथल्या पुलांची, तेथल्या राजकारणाची चर्चा तो गाडींत रंगून करतो. अंबरनाथ हें त्याच्या लेखीं पाठ टेकण्याचें ठिकाण. परंतु घरांतील बाकीच्यांचा दिवस कोठें जातो? मुलांची शाळा येथेंच, वृद्ध आईवडिलांचा दवाखाना येथेंच, नळास पाणी येणार किंवा न येणार तेंही येथेंच. मोरिवलीच्या बाजूस राहणाऱ्या कुटुंबास कारखान्यांचा धूर आणि सांडपाणी हा प्रश्न मुंबईच्या कोणत्याही प्रतिनिधीकडून सोडवून घेतां येणार नाहीं. ज्या गांवांत फक्त झोंपतों असें गृहस्थ म्हणतो, त्याच गांवांत त्याचें घर सारा दिवस जगत असतें.

मताची किंमत तें नसतांना अधिक कळते. अंबरनाथ व कुळगांव-बदलापूर या नगरपालिकांची निवडणूक एप्रिल २०१५ मध्यें झाली होती. त्या सभासदांची मुदत २०२० मध्यें संपली. प्रथम महामारीमुळें, पुढें प्रभागांची रचना आणि इतर मागासवर्गांचें आरक्षण या वादांमुळें राज्यांतील बहुतेक स्थानिक निवडणुका लांबत गेल्या. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या घेण्याचा आदेश दिला आणि अखेर डिसेंबर २०२५ मध्यें या दोन्ही शहरांत मतदान झालें. मधलीं पांच वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. प्रशासक कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी गल्लींतला दिवा बंद पडल्यावर ज्याच्या दारीं जाऊन हक्कानें ‘पुढच्या वेळीं पाहून घेऊं’ असें म्हणतां येईल, असा तो मनुष्य नव्हे. ज्यांनीं २०१५ मध्यें मत देण्याचा कंटाळा केला होता, त्यांनाही या पांच वर्षांत नगरसेवकाची आठवण झाली असेल.

पुढील काळांत आणखी एक प्रसंग येणार आहे. मतदारसंघांच्या सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आंखलेल्या आहेत, आणि त्यानंतर हा परिसर ओळखूं न येण्याइतका वाढला आहे. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीनें जागांची पुढील फेरवांटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशीं बांधली. नवी जनगणना २०२७ ची म्हणून जाहीर झालेली आहे. फेररचना होईल तेव्हां डोकीं मोजलीं जातील, मतें नव्हेत. जो कधींच मतदानास गेला नाहीं, त्याचेंही डोकें मोजलें जाईल आणि त्याच्या संख्येनेंही जागा वाढतील. संख्या अशी जागा मिळवून देते. त्या जागेवर कोणी बसावें, हें मात्र जे केंद्रापर्यंत चालत जातात, तेच ठरवितात. वस्ती वाढून जागा वाढाव्या आणि मतदार मात्र निम्मेच राहावे, तर थोड्यांच्या हातीं अधिक सत्ता जाईल, एवढाच त्या वाढीचा अर्थ होईल.

उपाय मोठा नाहीं. यादींत नांव घालण्यासाठीं सहा क्रमांकाचा अर्ज, पत्ता बदलण्यासाठीं आठ क्रमांकाचा अर्ज. पूर्वीं वर्षांतून १ जानेवारी ही एकच पात्रतेची तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, त्यामुळें अठरा वर्षें पुरीं झालेल्या मुलामुलींस वर्षभर थांबावें लागत नाहीं. घरांत नवें वर्ष लागलें कीं दिनदर्शिका भिंतीवर टांगतात; त्याच दिवशीं घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाचें नांव यादींत आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत पडली, तर अर्धें काम होईल. उरलेलें अर्धें काम मतदानाच्या दिवशीं, न्याहारीपूर्वीं आटोपण्यासारखें आहे.

श्रोतेहो, १९४८ मध्यें त्या छावणींतल्या बराकींत राहणाऱ्या माणसाजवळ दाखवावयास कागद नव्हता, मालमत्ता नव्हती, गांवाशीं जुनी ओळख नव्हती. ‘मी येथें राहणार आहे’ एवढें त्यानें सांगितलें आणि देशानें त्यावर विश्वास ठेवून त्याचें नांव लिहून घेतलें. आज त्याच भूमीवर घराचा करारनामा कपाटांत जपून ठेवणारा गृहस्थ तें एक वाक्य उच्चारावयाचें विसरला आहे. पहाटेच्या गाडीची वेळ त्याच्या ध्यानांत असते, तशीच मतदान केंद्राची शाळाही ध्यानांत राहो. कारण संध्याकाळीं गाडी त्यास परत आणून सोडते, ती याच गांवीं.